‘पोरांचं मी बघतो’ : शिफ्टिंगच्या धंद्यात हे वाक्य ऐकलंत तर थांबा



पॅकर्स-मूव्हर्सवरच्या व्हिडिओत आपण टेम्पो, पॅकिंगचं सामान आणि कोटेशन यावर बोललो. एक विषय राहिला. तो दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून इथे लिहितोय.

काही वर्षांपूर्वी मी घर बदललं, तेव्हा सामान न्यायला चार जण आले होते. सोसायटीच्या वॉचमनने गेटवर ओळखपत्र मागितलं. तिघांनी दाखवलं. चौथा, विशीतला पोरगा, म्हणाला, "माझं आधार मुकादमाकडं हाय. उचल फिटली की देणार." किती राहिली, असं विचारलं तर म्हणाला, "त्यांच्या वहीत आसंल." मी कंपनीच्या मालकांना फोन लावला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "पोरांचं मुकादम बघतो, सर. आपण त्यात पडत नाही."

ते मालक दुष्ट होते असं मला आजही वाटत नाही. त्यांनी फक्त बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या पोराची अवस्था काय होती? कर्ज किती ते माहीत नाही, कागद दुसऱ्याकडे, काम सोडायची सोय नाही. जगभर याला ‘आधुनिक गुलामगिरी’ म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, वेठबिगारी. वेठबिगारी म्हटलं की आपल्याला जमीनदार आणि शेतं आठवतात. ती बबल रॅपच्या गुंडाळ्याशेजारीही असू शकते.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम 23 ने वेठबिगारीवर बंदी आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे उचल किंवा कर्जाच्या बदल्यात माणसाला फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबवलं, दुसरीकडे काम करायची किंवा हवं तिथे जायची मोकळीक काढून घेतली, तर ती वेठबिगारी. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय ते कर्जच रद्द होतं. आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. तिथे न्यायालयाने हेही सांगितलं, की सक्ती काठीनेच होते असं नाही, भूकही सक्ती करते. "तो स्वखुशीने आला होता" हे उत्तर म्हणून पुरत नाही.

आता मुद्द्याचं. हे तुमच्या धंद्यात शिरतं कुठून? माझ्या मते कोटेशनमधून.

समजा, पुण्यात कोथरूडहून वाकडला 2 बीएचके न्यायचंय. पाच माणसं, प्रत्येकी 900 रुपये, म्हणजे 4,500. टेम्पो 2,500. कार्टन, टेप, बबल रॅप 1,500. झाले 8,500, आणि यात तुमचा फोन, ऑफिस, नफा काहीच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, दुसरा 7,000 मध्ये करतोय. तुम्ही ऑर्डर धरता. मग कमी काय करणार? डिझेल कमी होत नाही, कार्टनवाला उधारी ठेवत नाही. उरते मजुरी. नेमकं तेव्हाच कुणीतरी मुकादम भेटतो आणि म्हणतो, "मला 3,000 द्या, पोरांचं मी बघतो."

पाच जणांत 3,000, त्यातून मुकादमाचा हिस्सा. खोली त्याची, जेवणाचं खातं त्याच्याकडे. मे महिन्यात बदल्या आणि शाळांच्या सुट्ट्या, तेव्हा काम भरपूर. पावसाळ्यात चार-चार दिवस बसून काढावे लागतात. काम नसलं तरी जेवणाचा आकडा चढतच राहतो. त्यात कुणाच्या हातून टीव्ही फुटला की 15,000 त्याच्या नावावर. तुम्ही एक रुपयाही कुणाला उसना दिलेला नसतो, तरी तुमच्याच कामावर हा माणूस बांधला जातो.

म्हणून पहिलं काम: मजुरीचा आकडा आधी धरा, मग भाव सांगा. तुमच्या भागाचं चालू किमान वेतन कामगार आयुक्त कार्यालयातून घ्या, त्याखाली जायचंच नाही. त्या भावात ऑर्डर जात असेल तर जाऊ द्या. (हो, सुरुवातीला जीव तुटतो. मलाही कळतं.)

दुसरं, पैसे प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यावर किंवा त्याच्याच यूपीआयवर. मुकादमाच्या मोबाइलवर पाचही जणांचे नाहीत. मुकादमाला माणसं आणल्याचं कमिशन द्यायचं तर तुमच्या खिशातून, वेगळं. बाहेरच्या ठेकेदाराकडून माणसं घेतलीत तरी जेवायच्या सुट्टीत तो बाजूला असताना प्रत्येकाला विचारा, काल किती मिळाले, आधार कुठाय, उद्या गावी जायचं म्हटलं तर जाता येईल का. तीन प्रश्न, पाच मिनिटं.

आधार कार्ड बघा, हवं तर परवानगीने फोटो घ्या, पण मूळ कार्ड लगेच परत. वय 18 च्या खाली वाटलं तर कामावर घेऊ नका. "माझा पुतण्या आहे, नुसता हाताखाली" हे फार वेळा ऐकायला मिळतं. पोरगं लहान असेल, तर 1098 वर फोन करा.

उचल द्यायचीच नाही का? द्या की. आईच्या दवाखान्याला पैसे मागितले तर नाही कसं म्हणणार? फक्त रक्कम लहान ठेवा, दोघांकडे एकेक चिठ्ठी असू द्या, व्याज नको, आणि त्यातच लिहा की बाकी असली तरी काम सोडता येईल. मोडतोडीसाठी ट्रान्झिट विमा काढा. मजुरीतून नुकसान कापायचं तर आधी त्या माणसाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, परस्पर कापता येत नाही.

महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. त्यात मजुरी मंडळामार्फत दिली जाते, म्हणजे मधल्या माणसाची वही संपते. तुमच्या भागात, तुमच्या कामाला तो लागू होतो का, हे धंदा सुरू करण्याआधीच माथाडी मंडळात जाऊन विचारा.

आणि तुमच्या गाडीवरचा एखादा पोरगा बांधलेला आहे असं कळलं तर? त्याला नुसतं घरी पाठवू नका. मुकादम त्याला दुसऱ्या गाडीवर चढवेल, इतकंच. जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात लेखी कळवा, वेठबिगारीतून सोडवण्याचं काम कायद्याने त्यांच्याकडे आहे. सुटकेचा दाखला मिळाला की सरकारी पुनर्वसनाची मदतही मिळते. तुमच्याकडची त्याची मजुरी त्याच दिवशी त्याच्या हातात द्या, आणि त्याला सांगा की त्या वहीतलं कर्ज त्याने फेडायचं नाही. बहुतेकदा हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.