विजेची सवलत कुणाच्या दारी?

भीमेच्या काठावरचे वडगाव रासाई हे शिरूर तालुक्यातले गाव. पैलतीराला दौंड तालुका. इथला ऊस नदीच्या पाण्यावर आणि ते पाणी उपसणाऱ्या विजेच्या मोटारींवर पोसतो. त्यामुळे वीज म्हटली की बागायतदाराचाच विचार होतो. पण ज्याला शेत नाही, मोटार नाही, त्या शेतमजुराच्या घरातल्या दिव्याचे काय, हा आमचा सवाल आहे.

स्मार्ट मीटर घरात कोणत्या तासाला किती वीज जळाली याची नोंद ठेवते. असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत ठरली. दिवसा सौरवीज भरपूर असते, दिवस मावळला की मागणी चढते. म्हणून लोकांनी वापर दिवसा उरकावा, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण उरकायला घरात काही हवे ना? वॉशिंग मशीन, गिझर, एसी ज्याच्या घरी, सवलत त्याच्या दारी. सकाळी खुरपणीला गेलेली आमची माय दिवेलागणीला परतते. तिचा बल्ब, पंखा, पोरांच्या अभ्यासाचा उजेड रात्रीच लागतो. तो तिने भरदुपारी लावावा काय?

भारनियमनाच्या काळात, २००५ च्या सुमारास, महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली होती. संध्याकाळी गावाने मोटारी बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात घरोघरचे दिवे चालू राहायचे. तिथे मोठा वापर थांबला आणि लहान घराला उजेड मिळाला. तेव्हा मीटर साधे होते, पण हिशेब न्यायाचा होता.

डॉ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचा कारभारही त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ही त्यांची भूमिका होती. स्वस्त, पण कुणासाठी, हे आज पुन्हा विचारावे लागत आहे.

आमची मागणी साधी आहे. महिन्याला मोजकेच युनिट जाळणाऱ्या घराला संध्याकाळच्या वापरावरही तीच सवलत द्या. तासातासाची नोंद ठेवणाऱ्या मीटरला हे अवघड नाही. दर ठरवताना वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. तिथे बागायतदार बोलतात, कारखानदार बोलतात. आता वस्तीवस्तीतून आपलाही अर्ज गेला पाहिजे. न बोलणाऱ्याचा दिवा कुणी मोजत नाही!