'न्यूज'चा फुल फॉर्म 'नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ' आहे का? जाणून घ्या खरं काय

'हे शब्द रोज वापरता, पण त्यांचे फुल फॉर्म माहीत आहेत का?' असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मुलं असे फुल फॉर्म जनरल नॉलेज म्हणून पाठही करतात. पण त्यातले बरेचसे शब्द तयार झाल्यानंतर कुणीतरी रचलेले आहेत.

न्यूज : चार दिशांची आद्याक्षरं जुळतात, हा निव्वळ योगायोग. 'न्यू' म्हणजे नवं. त्याला अनेकवचनाचा 'एस' लागला आणि 'न्यूज' म्हणजे 'नव्या गोष्टी' असा शब्द झाला.

गोल्फ : 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' ही नंतरची गंमत आहे. 1457 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली, तेव्हाच्या कायद्यात हा शब्द आहे. बंदीचं कारणही स्त्रिया नव्हत्या. लोक खेळात रमून धनुर्विद्येचा सराव टाळतात, ही तक्रार होती.

कॉम्प्युटर : 'कॉमनली ऑपरेटेड मशीन...' अशी सुरुवात असलेला लांबलचक फुल फॉर्म अनेकांनी शाळेत पाठ केला असेल. प्रत्यक्षात 'कॉम्प्युट' म्हणजे गणना करणे. मूळ लॅटिन शब्द 'कॉम्प्युटारे'. 1613 च्या एका इंग्रजी पुस्तकात 'कॉम्प्युटर' हा शब्द सापडतो, पण तिथे त्याचा अर्थ हिशेब करणारा माणूस असा आहे. यंत्र खूप नंतर आलं.

मग खरे फुल फॉर्म नसतातच का? असतात. 'रडार' हा शब्द 1940 मध्ये अमेरिकी नौदलाने 'रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग'वरून घेतला. 'लेझर'ही आद्याक्षरांतूनच बनला. 'ओके'ची गोष्ट तर आणखी मजेशीर. 1839 मध्ये बोस्टनच्या एका वृत्तपत्राने 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग मुद्दाम चुकवून त्याची आद्याक्षरं गमतीने छापली आणि ती जगभर पसरली.

खरं-खोटं ओळखायचं कसं? आद्याक्षरं जोडून शब्द बनवण्याची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकात रुळली. त्यामुळे शब्द शेकडो वर्षं जुना असेल आणि त्याचा फुल फॉर्म अगदी चपखल बसत असेल, तर आधी संशय घ्या. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते. मेसेज पुढे पाठवण्याआधी, आणि मुलांकडून पाठ करून घेण्याआधी, ती एकदा पाहा.