संसर्ग कुठे झाला? नकाशाला विचारा

रुग्ण दाखल होताना त्याच्या अंगात नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर डोके वर काढणारा संसर्ग बहुधा रुग्णालयातच झालेला असतो. अशा वेळी नातेवाईक विचारतात, ‘कुणामुळे झाला?’ पण उपाय सापडतो तो ‘कुठे झाला?’ या प्रश्नातून.

१८४७ मध्ये व्हिएन्नात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी हेच विचारले. एकाच रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. विद्यार्थी-डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने कितीतरी जास्त बायका दगावत; सुइणींच्या विभागात तुलनेने कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येत. क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे होताच मृत्यू झपाट्याने घटले.

हाच धागा सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयाने संगणकाच्या मदतीने पुढे नेला. रुग्णालयात जुलाबाची जीवघेणी साथ पसरवणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ या जंतूचा माग काढण्यासाठी तीन वर्षांतल्या ८६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कोण कोणत्या खोलीत, किती वाजता होता, अशा चार लाखांहून अधिक हालचाली नकाशावर मांडल्या. बाधित रुग्ण जिथून गेला तिथे पुढच्या २४ तासांत आलेल्यांचे काय झाले, ते पाहिले. तातडीच्या विभागातले सीटी स्कॅन यंत्र ठळकपणे पुढे आले. बाधिताच्या मागोमाग तिथे गेलेल्यांना संसर्गाचा धोका सुमारे अडीचपट होता. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या यंत्राच्या स्वच्छतेची पद्धतही बदलण्यात आली.

वॉर्डातली खाट सगळे पुसतात. स्कॅनच्या टेबलावर रुग्ण काही मिनिटेच असतो, म्हणून ते नजरेतून सुटते. या जंतूचे बीजाणू मात्र पृष्ठभागावर महिनोन्‌महिने तग धरतात आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात आणि पृष्ठभाग क्लोरिनयुक्त द्रावणाने पुसावा लागतो.

प्रत्येक जंतू नकाशावर आपली वेगळी खूण सोडतो. क्षयाचे रुग्ण एकाच कोंदट खोलीभोवती दिसले, तर खिडक्या आणि हवेकडे पाहायचे. क्लेबसिएला हा जंतू एकाच बेसिनजवळच्या खाटांवर वारंवार आढळला, तर सांडपाण्याची जाळी तपासायची. बाधित खाटा दूरदूर असून सगळ्यांना एकच व्हेंटिलेटर लागला असेल, तर संशय यंत्रावर. पण जिथे वर्दळ जास्त, तिथे ठिपकेही जास्त पडणारच. म्हणून तिथून गेलेल्या एकूण रुग्णांशी तुलना करायची, स्वॅब घ्यायचा आणि मगच निष्कर्ष काढायचा.

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरसारख्या तालुक्याच्या गावाला हे फार लागू पडते. ग्रामीण रुग्णालयातला गंभीर रुग्ण ‘रेफर’ होतो, १०८ च्या रुग्णवाहिकेतून लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडला विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जातो. तिथेही तातडीचा विभाग, एक्स-रे, अतिदक्षता, जनरल वॉर्ड अशी त्याची फिरती होते. एका आजारपणात स्ट्रेचर, गाडी, टेबल, खाट किती बदलतात! जखमेत पू झाला की जो तो आधीच्या ठिकाणाकडे बोट दाखवतो. प्रवासाची नोंद नसेल, तर दुरुस्ती कुणी कुठे करायची?

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. वॉर्डाचा खाट क्रमांकांसह हाताने काढलेला आराखडा भिंतीवर लावावा. संसर्ग आढळला की तारखेसह ठिपका द्यावा आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर आणि सफाई कर्मचाऱ्यांनी हा आराखडा मिळून पाहावा. कुठली मोरी तुंबते, कुठला पडदा धुतला जात नाही, हे सफाई कर्मचाऱ्यालाच आधी ठाऊक असते. त्याचे म्हणणे तिथे लिहून घ्यावे.

रेफर चिठ्ठीवर औषधांची यादी असते. तिच्याखाली खाट, खोली, वापरलेले यंत्र आणि वेळ यांसाठी एक रकाना शासनाने सक्तीचा करावा. छपाईचा खर्च नगण्य आहे; त्यातून चाकूर, लातूर आणि नांदेड यांच्या नोंदी एका साखळीत जोडल्या जातील आणि पुढच्या रुग्णाचा संसर्ग टाळता येईल.