पाय गेला तरी हात मागे

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शेफाली वर्माच्या ८७ धावा सगळ्यांच्या लक्षात आहेत. मला मात्र तिची गोलंदाजी जास्त आठवते. एरवी फारशी गोलंदाजी न करणाऱ्या या मुलीच्या साध्याशा, संथ ऑफस्पिनवर सुने लुसने तिच्याच हातात झेल दिला आणि मारिझान काप यष्टीमागे झेलबाद झाली. वेगाला तोंड देणाऱ्या बायका हळू चेंडूला फसल्या.

तेव्हापासून सारसोळ्यातल्या मैदानावर मुलींची संख्या वाढली आहे. संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा मी तिथे थोडा रेंगाळतो. निवृत्त माणसाला वेळेचा हिशेब कोण विचारतो? गावठाणातले एक मास्तर तिथे फुकट शिकवतात. त्यांची चौदा वर्षांची एक शिष्या आहे. वडील खाडीत जाळी टाकतात, आई बाजारात मासळी विकते. पोरगी वेगवान चेंडू असा भिरकावते की बघत राहावं. पण चेंडू हळू आला की बॅट आधीच फिरून गेलेली असते आणि झेल वर उडतो. निवड चाचणी जवळ आली आहे. आईने साफ सांगितलंय, एवढं एक वर्ष, मग शिकवणीचा क्लास.

आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूस मी, म्हणून हिशेब मांडला. दोन्ही क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू ते सुमारे ०.४५ सेकंदात कापतो, ११५ चा ०.५५ सेकंदात. हवेचा अडथळा आणि टप्पा सोडून देऊ. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा, पण तेवढ्यात बॅट फिरून जाते. आणि गोलंदाजाचा हात मात्र तितक्याच जोरात फिरतो. फरक असतो तो पकडीत.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११च्या विश्वचषकात हेच केलं. बोटांच्या पेरांवर धरलेला त्याचा ‘नकल बॉल’ अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसीचा त्रिफळा घेऊन गेला. हे नाव आलं बेसबॉलमधून. तिथेही हीच गोची आहे. १८.४४ मीटरवरून येणाऱ्या चेंडूला टप्पाच नसतो, त्यामुळे फलंदाजाला सावरायला संधी आणखी कमी. तिथले शिक्षक सांगतात, तयारी वेगवान चेंडूची ठेवा आणि हळू चेंडूसाठी थांबा. उलटं जमत नाही. हळू चेंडूची वाट पाहणाऱ्याला वेगवान चेंडू गाठता येत नाही.

पण थांबायचं कसं? ‘थांब’ म्हटलं की मूल सगळंच थांबवतं. पायही आणि हातही. मास्तरांचं सांगणं वेगळं आहे. पुढचा पाय वेळेवर टाक, पण त्यावर अंग झोकू नकोस. हात मागेच राहू देत. चेंडू डोळ्यांखाली आला की मग ते सोड. म्हणजे थांबतात ते हात. मास्तर दहा-बारा पावलांवरून चेंडू फेकतात. दोन जोरात, एक हळू, कधी तीन जोरात. “थांब गो बाय, अजून आला नाय तो!” ही हाक मैदानाच्या कडेपर्यंत ऐकू येते. काही वेळा ते तिला बॅट फिरवूच देत नाहीत. पाय टाकायचा आणि चेंडू कुठे पडतो ते बघत राहायचं. पोरीला याचा मनस्वी कंटाळा.

टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलांना हे जड जातं, असं मला वाटतं. गावठाणात सीमारेषा जवळ, चेंडू मऊ. आडदांड फटका मारला तरी भागतं. त्यात हल्ली काही पालक पोराच्या षटकारांचे व्हिडिओ काढत कठड्यावर उभे असतात. सोडलेल्या चेंडूचा व्हिडिओ कोण काढणार?

मेलबर्नच्या २०१८च्या कसोटीत जेवणाच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या चेंडूवर बुमराहने शॉन मार्शला हळू यॉर्करवर पायचीत केलं. कल्पना मिड-ऑफला उभ्या असलेल्या रोहित शर्माची. मास्तरांनी तो चेंडू पोरीला मोबाइलवर दाखवला. ती म्हणाली, “सर, ह्याचा पन पाय गेला आनि हात पन गेला.”

चाचणी पुढच्या शनिवारी आहे. तोवर रोज साठ चेंडू, त्यातले वीस हळू. कुठले वीस, हे मात्र मास्तर तिला सांगत नाहीत.