मनाचा तोल आणि मेंदू

क्षणांत हर्ष, क्षणांत क्रोध आणि घटकाभरानें पश्चात्ताप, अशा स्वभावाचें एखादें माणूस पुष्कळ घरांत असतें. ‘तापट’ किंवा ‘नाटकी’ म्हणून घरचीं माणसें मोकळीं होतात. पण हा केवळ वळणाचा दोष आहे काय?

या बाबतींत फिनिअस गेज या अमेरिकन मुकादमाची हकीकत बोधप्रद आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं व्हरमाँट राज्यांत आगगाडीच्या मार्गासाठीं सुरुंग ठासतांना स्फोट झाला, आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी कांब त्याच्या डाव्या गालांतून शिरून मस्तकाबाहेर पडली. पंचवीस वर्षांचा गेज वांचला. वाचा आणि स्मृति शाबूत राहिली. परंतु पूर्वींचा समंजस मनुष्य लहरी, उद्धट व अधीर बनला, असें त्याचे डॉक्टर हार्लो यांनीं १८६८ सालीं नमूद केलें.

याचें कारण असें कीं, मेंदूच्या अंतर्भागांत दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचा एकेक पिंड आहे. धोक्याची चाहूल लागतांच तो विचाराची वाट न पाहतां देह पेटवितो. कपाळामागील भाग त्यास आवरतो. एक घोडा, तर दुसरा लगाम. गेजचा लगामच दुखावला होता.

प्रत्येक अस्थिर मनामागें अशी जखम नसते. कोणाचा घोडा उपजतच तल्लख असतो. तरुणांचा लगाम विशी उलटल्यावरहि कांहीं वर्षें घडत असतो. जागरणानें व दीर्घ चिंतेनें तो कोणाचाहि सैल पडतो.

तथापि लगाम पुन्हा हातीं येऊं शकतो. गेजनें पुढें चिली देशांत कित्येक वर्षें घोडागाडी हांकली. नियमित कामानें तो बराच सावरला असावा, असें अलीकडील अभ्यासकांचें मत आहे. तरुणपणीं स्वतः अशाच यातना भोगलेल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनीं १९९३ सालीं ग्रंथरूपानें मांडलेली उपचारपद्धति हेंच शिकविते: भावना ओळखावी, ती नाकारूं नये, आणि कृति मात्र थांबून निवडावी.

म्हणून क्रोधाच्या ऐन भरांत उपदेश करूं नये. थोडा अवकाश द्यावा. शांत झाल्यावर ‘तुला काय वाटलें?’ असें विचारावें. झोंपेची आबाळ होऊं देऊं नये. आणि जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा कानीं आल्यास ती नाटक न समजतां त्या माणसास एकटें न सोडतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.