डिफरन्शियलचं ऑइल विसरू नका
मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून, ओढ्याच्या पाण्यातून फोर-व्हील ड्राइव्ह गाडी नेणाऱ्यांनी दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसच्या ऑइलकडे लक्ष द्यायलाच हवं. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. हवा ये-जा करणारा ब्रीदर चिखलानं तुंबला असेल, तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं, तर किलोमीटर न मोजता लगेच बदला.

ऑइल बदलताना गाडी सपाट जागी, ऑइल कोमट हवं. आधी भरायचं बूच सैल करा, मगच खालचं उघडा. वरचं गंजून बसलं असेल, तर ऑइल काढलेली गाडी जागेवरच अडकते. खालच्या बुचाच्या चुंबकावर बारीक कीस चालतो, दात्याचा तुकडा नाही. नवं ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरा. डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ लागतं. ट्रान्सफर केसचं मात्र मॅन्युअलमध्येच पाहा.