पाळकाचे सहकारी

आधार : मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो याने हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवर नायक नेमण्याचा जो सल्ला दिला (निर्गम १८), तोच मंडळीच्या सामुदायिक कारभाराचा प्राचीन दाखला होय.

रचना : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उदयास आलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्थानिक व्यवस्था पास्टरेट कमिटी पाहते, तिच्यावर डायोसिस व सिनड अशा पायऱ्या आहेत.

निवड : वक्तृत्वापेक्षा शील पाहावे. द्रव्यलोभ नसणे, स्वतःचे घर नीट चालविणे आणि श्रद्धेत नवशिका नसणे, या कसोट्या १ तीमथ्य ३ मध्ये आहेत.

संगोपन : १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून विभक्त झालेल्या, आठ तालुक्यांच्या गोंदिया जिल्ह्यात सालेकसा-देवरीच्या वनप्रदेशापासून तिरोड्यापर्यंत एकाच पाळकाने दर रविवारी पोहोचावे ही अपेक्षाच अव्यवहार्य असल्याने, गावोगावच्या प्रार्थनासभा चालविण्याचा अखत्यार स्थानिक वडीलजनांस द्यावा, त्यांना प्रथम सोबत न्यावे, मग त्यांच्याकडून काम करवून घेऊन आपण शेजारी बसावे, आणि शेवटी ते त्यांच्या स्वाधीन करावे. अभ्यासवर्ग रोवणी व धानकापणीच्या दिवसांत ठेवू नयेत.

हिशेब : दानाची थैली भक्तीनंतर तेथेच दोघांनी मोजून वहीत दोघांच्याही सह्या घ्याव्यात, खजिनदाराची अब्रू व पाळकाची झोप, दोन्ही त्याने शाबूत राहतात.